नव्या स्पीकरमधला श्वास

कंपनीत त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि घरी बायकोही. नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ते अंगाला चिकटलं ते चिकटलंच. एकदा गॅसचा वास येतोय म्हणून त्याने अख्ख्या इमारतीतली माणसं घरच्या कपड्यांत रस्त्यावर आणून उभी केली होती. वास निघाला शेजाऱ्यांच्या सडलेल्या कांद्यांचा. तेव्हापासून तो काही बोलायला लागला की ऐकणारा आधी थोडंसं हसून घ्यायचा, आणि त्यालाही स्वतःच्या काळजीवर फारसा भरवसा उरला नव्हता.

काम त्याचं तसं त्याच्या स्वभावाला शोभणारंच होतं. पुस्तकं वाचून घेऊन ती ऐकायला देणारी एक कंपनी होती, तिची रेकॉर्डिंग तो घरी बसून साफ करायचा. वाचणाऱ्याची अडखळ, खुर्चीची करकर, पान उलटल्याची सळसळ, ओठांची चपचप, सगळं कापून टाकायचं. लांबलेले श्वास आखूड करायचे. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की वाचणाऱ्याने मध्ये पाण्याचा घोटही न घेता सगळं पुस्तक वाचून काढलं.

हे सगळं तो संगणकाबरोबर फुकट आलेल्या दोन प्लास्टिकच्या डबड्यांवर ऐकत असे. त्यातलं उजवं मध्येच खरखरायचं आणि पाठीत थाप मारली की गप्प बसायचं. बारीक कामासाठी हेडफोन होते, पण दिवसभर ते लावून त्याचे कान ठणकायला लागले होते. चांगले स्पीकर घ्यायचे हे ठरून कितीतरी महिने झाले होते. पण घेणार कोण? खोली लहान, मोठ्या स्पीकरचा आवाज घुमला तर? वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली तर? घेतल्यावर त्याहून चांगले बाजारात आले तर? शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बायकोने त्याच्या हातात चपला दिल्या आणि दुकानात नेऊन उभं केलं.

दुकानदार शांत माणूस होता. कुठलं गाणं लावू, असं त्याने विचारलं, तर याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात बाईंच्या पुस्तकातलं एक प्रकरण होतं.

"लोक गाणी आणतात," दुकानदार म्हणाला, "तुम्ही बाई आणल्यात."

बाई म्हणजे कंपनीच्या सगळ्यात जुन्या वाचक. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाचायला लागल्या होत्या आणि अजूनही प्रत्येक वाक्य शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू गेलं पाहिजे अशा बेताने वाचत. आठवड्यातून एक दिवस स्टुडिओत जाऊन त्या रेकॉर्डिंग करत, आणि ते त्याच्याकडे साफ व्हायला येई. दोघांची भेट फार तर तीन-चारदा झाली असेल. पण बाई कुठे गिळतात, कुठल्या जोडाक्षरावर जीभ जड होते, विनोद येण्याआधी त्यांच्या नाकातून हवा कशी सुटते, हे सगळं त्याला ठाऊक होतं. बायकोच्या श्वासाकडे त्याने इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं, असं बायकोच म्हणायची.

स्पीकर घरी आले. पुस्तकांच्या कपाटात मावतील अशा आकाराच्या दोन लाकडी पेट्या. ते भिंतीपासून हातभर पुढे हवेत, दोन्ही त्याच्या डोक्याकडे किंचित वळलेले हवेत, आणि उंची कानाएवढी हवी, असं दुकानदाराने बजावून सांगितलं होतं. उंची काही जमेना, तेव्हा त्याने कपाटातले जाडजूड शब्दकोश काढून टेबलावर रचले आणि त्यांवर स्पीकर ठेवले.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, कपाटात पुस्तकांशेजारी ठेवायचे म्हणून यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात ना, मग तू पुस्तकांनाच कपाटाबाहेर का काढलंस.

पहिला तास त्याने नुसतं ऐकलं. बाई जणू टेबलाच्या पलीकडे येऊन बसल्या होत्या. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा टेबलाला लागलेला कळत होता. एका परिच्छेदाच्या मध्ये त्यांच्या पोटात गुरगुरलेलंही कळलं, आणि त्याला एकटंच हसू आलं. मग लगेच दुसरा विचार आला. हे सगळं आजवर ऐकू येत नव्हतं, म्हणजे आजवर साफ करून बाहेर पाठवलेल्या इतक्या पुस्तकांत काय काय राहून गेलं असेल? आणि ही चिंता नीट बसायच्या आतच त्याला ती शिट्टी ऐकू आली.

शिट्टी म्हणणं जरा जास्तच. लांब वाक्य संपलं की बाई श्वास आत घ्यायच्या, आणि त्या श्वासाच्या बुडाशी एक बारीक चिरका आवाज असायचा, दाराच्या फटीतून वारा यावा तसा. आला आणि गेला.

आधी त्याने स्पीकरवर संशय घेतला. डावा उजवीकडे केला, उजवा डावीकडे. वायर काढून पुन्हा बसवल्या. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, बायकोला मिक्सर थांबवायला लावला. शिट्टी तिथेच. हेडफोनवर ऐकलं तर तिथेही होती, फक्त अगदी बारीक. एकदा ओळख पटल्यावर ती आता कुठेही लपत नव्हती. मग वाटलं, स्टुडिओतच काहीतरी असेल. रेकॉर्डिस्टला फोन केला, एसीची जाळी सैल झालीय का बघ म्हणाला. रेकॉर्डिस्टने हसून घेतलं, मग बघितलं, आणि जाळी घट्ट असल्याचं कळवलं. त्याच खोलीत वाचणाऱ्या दुसऱ्या दोघांची रेकॉर्डिंग त्याने लावून पाहिली. त्यांचे श्वास स्वच्छ होते.

तेव्हा तो जुन्या पुस्तकांकडे वळला. बाईंच्या मागच्या वर्षीच्या पुस्तकात काही नव्हतं. त्यानंतरच्यात, शेवटच्या प्रकरणांमध्ये, असावंसं वाटत होतं. आणि आत्ताच्या पुस्तकात प्रत्येक लांब वाक्यानंतर. ऐकता ऐकता त्याला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर त्याने खुर्ची मागे सरकवली. पूर्वी बाई पाच-सहा ओळींचं वाक्य एका दमात पार नेत. आता त्या मध्ये थांबत होत्या, स्वल्पविराम नसलेल्या जागी. हे आजवर कुणाला जाणवलं नव्हतं, कारण त्या थांबण्याच्या जागा तो स्वतः इमानाने आखूड करत आला होता.

बायको इमारतींचे नकाशे काढायची. तिने त्याच्या शेजारी बसून तो तुकडा दोनदा ऐकला आणि कबूल केलं की काहीतरी आहे खरं. पण ते सर्दीचंही असेल, वयाचंही असेल.

"आणि समजा नसेल?" तो म्हणाला.

"मग सांग त्यांना."

"आणि असेल तर? उगाच म्हाताऱ्या बाईच्या जिवाला घोर."

"घोर तर तुझ्या जिवाला आत्ताच लागलाय," बायको म्हणाली. "निदान ज्यांचा श्वास आहे त्यांना तरी कळू दे."

पुढचे काही दिवस त्याचे असेच गेले. फोन हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा. कांद्यांचा वास त्याच्या डोक्यातून जाईना. आपण पुन्हा सगळ्यांना रस्त्यावर आणून उभं करणार, आणि यावेळी ज्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो त्यांना. शेवटी बाईंच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी तो स्टुडिओत जाऊन बसला. घरून काम करणारा माणूस अचानक आलेला पाहून मॅनेजरनेही भुवया उंचावल्या.

बाई मधल्या सुट्टीत गरम पाण्याचा कप घेऊन बाहेर आल्या. त्याने सांगितलं, पण जे आठवडाभर मनात घोळवलं होतं त्यातलं धड काहीच बाहेर आलं नाही. श्वासात किंचित आवाज येतोय, म्हणजे माझी चूकही असेल, स्पीकर नवीन आहेत, पण एकदा घशाच्या डॉक्टरांना, असं काहीबाही.

बाईंनी कप खाली ठेवला. "तुला माझं वाचन साफ करायला ठेवलंय की मला तपासायला?"

उत्तराची वाट न पाहता त्याच पुढे म्हणाल्या,

"साहेबांनी पाठवलं का? वय झालं, आता बाईंना घरी बसवा, असं?"

नाही, शपथेवर नाही, असं तो सांगत राहिला, पण त्या आत निघून गेल्या आणि दार लागलं. काचेपलीकडे त्यांनी चष्मा लावला, पान उलटलं, आणि पुन्हा शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज लावला. तो घरी आला तो पडेल चेहऱ्याने.

दोन दिवसांनी त्या बैठकीचं रेकॉर्डिंग आलं. त्याने भीतभीत लावलं. शिट्टी नव्हती. पहिल्या पानात नाही, दुसऱ्या पानात नाही. त्याला हायसं वाटलं आणि त्याबरोबर लाजही वाटली, की शोभा झाली ती झालीच. पण तिसऱ्या पानाला त्याचे कान टवकारले. प्रत्येक लांब वाक्यानंतर बाईंचा आवाज क्षणभर मागे जात होता, खोली किंचित मोठी झाल्यासारखी वाटत होती, आणि मग त्या परत समोर येत होत्या. जुन्या डबड्यांवर हे कधीच कळलं नसतं. श्वास घेताना बाई माइकपासून तोंड फिरवत होत्या.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. निदान, लपवण्यासारखं काहीतरी आहे एवढं तरी ठाऊक होतं.

त्या दुपारी त्याने दोन्ही स्पीकर जुन्या चादरींत गुंडाळले, वायर आणि बायकोचा लॅपटॉप पिशवीत भरला आणि टॅक्सी बोलावली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्याचा जीव वरखाली होत होता, थोडा स्पीकरसाठी आणि बराचसा पुढच्यासाठी. बाई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. एक भाची होती, ती दूरच्या गावी. दार उघडून त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग काखेतल्या गाठोड्यांकडे.

"बिऱ्हाड घेऊन आलास?"

"बाई, फक्त दहा मिनिटं ऐका. मग मला हाकलून द्या."

शिक्षक माणसाला ऐकून न घेता हाकलणं जमत नाही. त्यांनी जेवायच्या टेबलावरचं सामान बाजूला केलं. उंचीसाठी त्याने इकडेतिकडे पाहिलं, तर त्यांनीच दोन पत्र्याचे डबे पुढे सरकवले. त्याने त्यांची खुर्ची दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये आणली आणि आधी जुन्या पुस्तकातलं एक लांब वाक्य लावलं. मग नव्या पुस्तकातलं. मग कालपरवाचं, ज्यात त्या तोंड फिरवत होत्या.

बाई हाताची घडी घालून, मान किंचित वाकवून ऐकत होत्या, वर्गात कविता म्हणणाऱ्या मुलीचं ऐकावं तशा. एकदा त्यांनी बोट वर केलं, म्हणजे पुन्हा लाव. त्याने पुन्हा लावलं. जुनं वाक्य एका दमात वाहत गेलं, आणि नवं दोन ठिकाणी अडलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त त्यांचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.

"जिना चढताना होतं असं," त्या म्हणाल्या. "आणि आडवं पडलं की. दोन उश्या घेऊन झोपते हल्ली. मला वाटलं, वय."

तो वायर गुंडाळत राहिला.

"इतकं ऐकू येतं होय रे यातून," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. मग: "एकटीला डॉक्टरकडे जायचा कंटाळा येतो."

तो बरोबर गेला. घशाच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत माणसं रांगेने बसली होती आणि कुणी खोकलं की याला वाटायचं, आपलंच चुकलं. बाई निवांत मासिक चाळत होत्या. काहीच निघालं नाही तर, असा विचार त्याच्या मनात आला, आणि पाठोपाठ हाही, की काहीच निघू नये म्हणून आपण मनातून हात जोडले पाहिजेत. शोभा झाली तर होऊ दे. त्याने तसे जोडलेही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पाहिला, तो ठीक होता. मग गळ्यावर बोटं ठेवून गिळायला सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि त्यांचं बोलणं थोडं हळू झालं. स्कॅन करायला सांगितला. त्यात जे निघालं ते पुढच्या भेटीत समजावून सांगितलं: गळ्यातली थायरॉइडची गाठ वाढून छातीच्या हाडामागे उतरली होती आणि श्वासनळीला एका बाजूने दाबत होती. गाठ वाईट जातीची वाटत नव्हती. पण ठेवून चालणार नव्हती, दिवसेंदिवस नळी अरुंदच होत जाणार होती. ऑपरेशन लागेल. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, त्या म्हणाल्या. आवाजाची नस त्या गाठीला अगदी चिकटून जाते. आम्ही जपतोच, पण आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो.

"बहुतेकांचा," बाई म्हणाल्या.

"हो."

"माझ्या पुस्तकाची दोन प्रकरणं राहिलीयत."

डॉक्टरीणबाईंनी याच्याकडे पाहिलं. बहुधा त्यांना तो मुलगा वाटला असावा. बऱ्याच बोलण्यानंतर त्यांनी थोड्या दिवसांची मुदत दिली, पण अटी घालून: जिने चढायचे नाहीत, घरीसुद्धा लिफ्टनेच जायचं, थकायचं नाही, आणि बसल्या जागी दम लागला तर थेट इस्पितळात यायचं.

ते दिवस त्याला खायला उठले. स्टुडिओ तळमजल्यावर होता तरी पायऱ्या होत्याच. त्याने मॅनेजरशी भांडून मागचं सामान उतरवायचं दार उघडून घेतलं. मॅनेजरने यावेळी हसून घेतलं नाही. बाई काचेपलीकडे वाचायच्या आणि तो रेकॉर्डिस्टशेजारी बसून एकेक श्वास मोजल्यासारखा ऐकायचा. त्याच्या सांगण्यावरून त्या आता तोंड फिरवत नव्हत्या. शिट्टी उघड येत होती, आणि ती उघड येत होती म्हणून त्याला तिचा अंदाज राहत होता. ती जरा तीक्ष्ण झाली की तो काचेवर टिचकी मारायचा आणि बाई कुरकुरत थांबायच्या. शेवटच्या दिवशी शेवटचं पान वाचून झाल्यावर त्या बराच वेळ खुर्चीतून उठल्या नाहीत. तो दार ढकलून आत गेला, तर त्या डोळे पुसत होत्या.

"पुस्तकाचा शेवट वाईट आहे रे," त्या म्हणाल्या. "म्हणजे दुःखाचा. चल."

ऑपरेशनच्या दिवशी भाची आली होती. तो आणि बायकोही जाऊन बसले. वेळ लागला, सांगितल्यापेक्षा जास्त लागला, आणि त्या जास्तीच्या वेळात त्याने जे जे वाईट घडू शकतं ते सगळं मनातल्या मनात घडवून पाहिलं. बायकोने त्याचा हात धरून ठेवला होता. पाय हलवायचा थांब, एवढंच ती अधूनमधून म्हणायची. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि गाठ सगळी निघाल्याचं त्यांनी सांगितलं. श्वासनळी मोकळी झाली होती. आवाजाचं मात्र आत्ता काही सांगता येणार नव्हतं.

आवाज बसला. सुरुवातीला बाई नुसत्या कुजबुजत. फोनवर भाचीच बोलायची आणि मागून काहीतरी खसखस ऐकू यायचं. ते बाई तिला सूचना देत असायच्या. कंपनीने पुढचं पुस्तक दुसऱ्या वाचकाला दिलं. ते रेकॉर्डिंग त्याच्याकडेच आलं. आवाज चांगला होता, नितळ, आणि त्याला ते साफ करताना दगड फोडल्यासारखं वाटलं. बाईंना हे कुणी सांगायचं, या काळजीत तो असतानाच त्यांनी ते कंपनीच्या जाहिरातीत वाचलं आणि मुलगी बरी वाचते असा निरोप भाचीकरवी धाडला.

मग हळूहळू कुजबुजीला अंग आलं. एका सकाळी त्यांनी स्वतः फोन केला. आवाज खाली उतरला होता, त्याला एक भरड कड आली होती, आणि चार वाक्यांनंतर तो थकायचा. पण श्वास ओढताना मध्ये काहीच नव्हतं, नुसती हवा. तो ते इतका वेळ ऐकत राहिला की बाईंनी विचारलं, फोन चालू आहे ना.

त्यांचं पुस्तक तोवर बाहेर पडलं होतं. त्या एका दुपारी त्याच्या घरी आल्या, पुस्तक त्याच्या खुर्चीत बसून ऐकायला. जिना चढताना त्या मध्ये थांबलेल्याही दिसल्या नाहीत. बायकोने चहा केला. शेवटची दोन प्रकरणं त्याने जशीच्या तशी सोडली नव्हती. शिट्टी काढली होती, पण थांबण्याच्या जागा बऱ्याच राखल्या होत्या, आणि हे त्यांना आवडेल की नाही या विचाराने तो टेबलाची कड धरून उभा होता. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. एकेका थांब्याला त्यांची मान हलत होती. स्वतःचा गेलेला आवाज असा समोर बसून ऐकताना माणसाला काय होत असेल, ते तो त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिला.

अचानक त्यांनी बोट वर केलं.

"मागे घे."

त्याने मागे घेतलं.

"आणखी एकदा."

वाक्य पुन्हा वाजलं.

"मी 'अनावृत' म्हणतेय," बाई आपल्या नव्या भरड आवाजात म्हणाल्या. "पुस्तकात 'अनाहूत' आहे. पाहुणा अनाहूत आला. मी त्या बिचाऱ्याला उघडा आणलाय. माझा श्वास न् श्वास ऐकलास आणि हे कसं ऐकलं नाहीस तू?"

बायको स्वयंपाकघरात जाऊन हसायला लागली. तो मात्र हसला नाही. पुस्तक बाहेर पडून महिना होत आला होता, कितीतरी लोकांनी ते ऐकलं असणार, आणि त्या सगळ्यांच्या घरी तो पाहुणा तसाच शिरला असणार. दुरुस्त करायचं तर तो एक शब्द बाईंच्या जुन्या आवाजात हवा. तो मागच्या पुस्तकांत कुठे सापडेल का, या विचाराने त्याने खुर्ची मागितली. बाई उठल्या, चहाचा कप घेऊन शेजारच्या स्टुलावर बसल्या, आणि दोघं मिळून शोधायला लागले.